बांधलेल्या हातांचा होकार

भट्टी पेटली आहे हे आत्याला रस्त्यावरूनच कळलं. आठवडाभराची तपसाधना आटोपून, मन चांगलं शांत-बिंत करून ती मठातून परतत होती. कोपऱ्यावर वळताना तिला ओतशाळेच्या धुराड्यावरचा धूर दिसला आणि ती सगळी शांती तिने तिथेच, फळवाल्याच्या गाडीपाशी सोडून दिली. पेटवणीचा धूर काळा असतो. हा भट्टी रंगात आल्यावरचा विरळ, कोरडा धूर होता. आत तांबं केव्हाच वितळलं होतं.

"कोणाला विचारून?" फाटकातून शिरतानाच तिने विचारलं.

थोरला भाचा अंगणात तिची वाट पाहत होता. खरं तर ती आणखी तासाभराने यावी अशी त्याची प्रार्थना होती. पण आदल्या रविवारी त्याने चर्चमधला मिस्सा बुडवला होता, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती.

"आत्या, आधी बस. पाणी घे."

"पाणी राहू दे. कोणाला विचारून पेटवलीस?"

या घरात चार पिढ्या चर्चच्या घंटा ओतल्या जात होत्या आणि चार पिढ्या एकच नियम होता. भट्टी पेटवण्याआधी घरातल्या सगळ्या जाणत्या माणसांनी खड्ड्याभोवती उभं राहायचं आणि कर्त्याने तीनदा विचारायचं, "कोणाची ना?" एकाचीही ना निघाली की भट्टी पेटायची नाही. ना म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. एकदा तर दोन जावांनी एकमेकींशी बोलणं टाकलं होतं, तेवढ्यावरून एका बंदरावरची घंटा दोन महिने रखडली. भांडत्या घराची घंटा तडकते, असं पणजोबांचं मत. धातुशास्त्राला हे मान्य नाही. पण या घराच्या घंटा तडकत नाहीत, हे धातुशास्त्रालाही मान्य करावं लागतं.

"विचारणारच होतो," थोरला म्हणाला. "ओतण्याआधी विचारू. फरक काय पडतो?"

"लग्न लागल्यावर मुलाला मुलगी पसंत आहे का विचारतात, तेवढा पडतो."

ऑफिसच्या पायरीवर बसलेली थोरल्याची बायको हसली. ती वकील होती. घरात सगळे तिला वकिलीणच म्हणत, नवरा धरून. कोणत्या माणसाला कोणती बातमी कधी द्यायची याचा तिचा हिशेब चोख असे, आणि आज नवऱ्याने तिला न विचारता तो चुकवला होता.

"अहो, आता साच्यावर काय लिहिलंय तेही सांगून टाका," ती म्हणाली. "हप्त्याहप्त्याने कशाला रागावून घेता? एकरकमी होऊन जाऊ दे."

आत्याने काठी जमिनीला टेकली. घंटा कॅथीड्रलची होती, हे तिला माहीत होतं. साचा तिच्या डोळ्यांदेखत उभा राहिला होता, कोरा आणि देखणा. ती मठात गेली तेव्हा त्यावर अक्षर नव्हतं.

"कडेने एक ओळ आहे," थोरला म्हणाला. "सरकारकडून आलीय. 'पालकाच्या शब्दावर शब्द नाही.'"

पालक म्हणजे देशाचा प्रमुख. संसदेला कुलूप लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने हे नाव स्वतःच घेतलं होतं. त्याच्या राजवटीच्या वाढदिवसाला, म्हणजे घंटा वाजायला, आता दहा दिवस उरले होते.

"आणि आत्या, ओरडण्याआधी ऐक," थोरला घाईने म्हणाला. "पोलीस उपायुक्तांनी शब्द दिलाय. घंटा वाजेल त्या दिवशी धाकटा घरी."

आत्या ओरडली नाही. धाकटा भाचा, शाळेत इतिहास शिकवणारा, तीन महिने तुरुंगात होता. आरोप नव्हता, खटला नव्हता. वर्गात कोणत्या तरी मुलाने विचारलं होतं, संसद कधी उघडेल? हा म्हणाला होता, कुलूप ज्याने लावलं त्याला विचार. मुलाच्या वडिलांनी ठाण्यावर जाऊन विचारलं.

"धातू किती वेळ थांबेल?" तिने विचारलं.

"तास-दीड तास. त्यानंतर कथील जळायला लागेल. साचा गरम आहे तोवरच ओतता येईल. एकदा गार पडून दमट झाला की फोडून नवा करावा लागेल, त्याला दीड महिना."

"फादर आलाय?"

"आत आहेत. उपायुक्तही आहेत. दोघांचं चाललंय."

*

ऑफिसात दोन खुर्च्या होत्या आणि दोन्हींवर चर्चची माणसं बसली होती. एक होता फादर, आत्याचा धाकटा भाऊ. समोरचा उपायुक्त रोज सकाळी मिस्साला जात असे आणि गणवेशाच्या आत क्रूस घालत असे. वीस वर्षांपूर्वी तो फादरच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा.

"तुम्हीच घोकून घेतलं होतं, फादर. अधिकार देवाकडून येतो. मी अजून विसरलेलो नाही."

"अर्धं विसरलास. घंटा झाली की वर्गातून पहिला पळायचास, पुढचं ऐकायला थांबला होतास कुठे?"

उपायुक्त हसला. त्याला फादर मनापासून आवडत असत. अडचण तीच होती.

"मग पुढचं सांगा आता. चर्च म्हणतं का, की निवडणूक घेतलीच पाहिजे? राजे चालले. सम्राट चालले. आमचा पालकच तेवढा का नको?"

"राजे चालले," फादरने कबूल केलं. "राज्य एकाने करावं की शंभरांनी, यावर चर्चने कधीच एकच शिक्का मारलेला नाही. कडक माणूस चालतो. चुकणारा माणूससुद्धा चालतो. नाहीतर माझी ताई या ओतशाळेत एक दिवस टिकली नसती."

"ऐकतेय मी," आत्या दारातून म्हणाली.

"ऐकावंस म्हणूनच बोललो. ये, बस."

उपायुक्त उठला, खुर्ची दिली. आत्या बसली आणि त्याच्याकडे पाहू लागली, जणू त्याच्यात कथील किती आणि तांबं किती ते जोखत होती.

"पण अधिकार देवाकडून येतो याचा अर्थच असा," फादर पुढे म्हणाला, "की तो मालकीचा नाही, राखणीचा आहे. राखणदाराला शेताचा धनी विचारू शकतो. म्हणून ज्याच्या हातात सत्ता असेल त्याला आम्ही चारच गोष्टी विचारतो. तू सगळ्यांच्या भल्यासाठी राज्य करतोस की स्वतःच्या? तुझ्या वर कायदा आहे का? जे काम एखादं घर, एखादी शाळा, एखादा कारखाना आपलं आपण करू शकतो, ते त्यांना करू देतोस का? आणि तुझ्या तुरुंगातल्या माणसाला आपण आत का आहोत ते ठाऊक आहे का? गादीवर राजा बसो नाहीतर शंभर निवडून आलेले बसोत. उत्तरं नीट आली तर राज्य. नाहीतर नुसती जबरदस्ती, गणवेशातली."

"सगळं सुरळीत झालं की पालक तेही करतील. देशात गोंधळ होता, फादर. तुम्हाला आठवत नाही? रस्त्यावर मुडदे पडत होते."

"आठवतं. पुरले मीच होते." फादरचा आवाज चढला नाही. "आणीबाणीत हात आवळावा लागतो, हेही मी मानतो. पण आवळलेली मूठ सात वर्षं उघडली नाही, तर ती औषध म्हणून आवळली होती असं कोण म्हणेल? शिवाय आता त्याला घंटेवर लिहून हवंय की त्याच्या शब्दावर शब्द नाही. हा राज्यकारभार नाही रे. ही वेदी आहे. 'माझ्याशिवाय दुसरा देव नको' या पहिल्या आज्ञेत बसत नाही. बिशपस्वामींनाही मी हेच कळवलंय: या घंटेला मी आशीर्वाद देणार नाही."

"बिशपस्वामी काय म्हणाले?"

"प्रकृती बरी नाही म्हणाले."

"प्रत्येक राजवटीत त्यांची तब्येत नाजूकच असते," आत्या म्हणाली.

उपायुक्ताने टोपी मांडीवर फिरवली. तो वाईट माणूस नव्हता, आणि हे तो स्वतःला दिवसातून बऱ्याचदा सांगत असे. त्याच्या हिशेबात आज्ञापालन हा सद्गुण होता, आणि सद्गुणाचं पाप वरच्याच्या खात्यावर जमा होतं. ही सोय त्याला नोकरीत फार उपयोगी पडली होती. आता फादर समोर बसल्यावर ती सोय टोचू लागली होती.

"आशीर्वाद दुसरं कोणी देईल," तो म्हणाला. "मला घंटा हवीय. घंटा द्या, मास्तर घेऊन जा."

"विचारू," आत्या उठली. "घरच्यांना विचारल्याशिवाय आमच्याकडे घंटा ओतत नाहीत."

"आणि कोणी नाही म्हणालं तर?"

"तर ओतत नाहीत."

"पण कारखाना तर तुमच्या हुकमावर चालतो!"

"चालतो की. उठबस माझ्या हुकमावर. कोण किती वाजता जेवणार तेही माझ्या हुकमावर. मी काही गरीब गाय नाही. पण हा एक प्रश्न माझ्याही वर आहे. तो काढून टाकला की मी नुसती खाष्ट म्हातारी उरते."

*

खड्ड्यात साचा पुरलेला होता, माती घट्ट दाबलेली. भट्टीच्या तोंडाशी मुकादम ओल्या लाकडाच्या दांड्याने धातू ढवळत होता. उष्णतेने पलीकडची भिंत पाण्यातल्यासारखी हलत होती.

धाकट्याची बायको आधीच येऊन उभी होती. ती दवाखान्यात परिचारिका होती. आजही अर्धी पाळी टाकून आली होती, अंगावर पांढरा कोट तसाच. तिला घरात सगळे धाकटी म्हणत. तीन महिन्यांत तिने कोणासमोर डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं, आणि घरातल्या प्रत्येकाने याचा अर्थ आपापल्या सोयीने लावला होता. थोरल्याला वाटे, ती हो म्हणेल. तिचाच नवरा आहे. वकिलीणीला वाटे, ती ना म्हणेल. तिचाच नवरा आहे.

"कोणाची ना?" आत्याने पहिल्यांदा विचारलं.

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली. "माझी ना नाही."

वकिलीणीच्या तोंडून "अगं!" निघून गेलं.

"अगं काय? जाऊबाई, तुमचा माणूस रात्री घोरतो म्हणून तुम्ही तक्रार करता. मला ती तक्रार करायचीय. काय लिहायचं ते लिहा त्या घंटेवर. उंच मनोऱ्यात टांगणार आहात ना? वाचायला वटवाघळं जातील. मला हुतात्म्याची बायको व्हायचं नाही. मला माणूस हवाय."

थोरल्याचे खांदे सैल पडले. इतके दिवस आपण एकटेच भित्रे आहोत असं त्याला वाटत होतं, आता सोबत मिळाली.

"कोणाची ना?" दुसऱ्यांदा.

आता नजरा फादरकडे वळल्या. घर सोडून धर्मगुरू झाला तरी खड्ड्याभोवतीची त्याची जागा कायम होती. फादरच्या ओठांवर तो शब्द तयार होता. आताच ऑफिसात तो केवढा बोलला होता! पण धाकटीच्या पांढऱ्या कोटाकडे बघून त्याला कळलं, की आपली ना आपल्याला फुकट पडेल आणि किंमत ती मोजेल. संन्याशाने दुसऱ्याच्या संसारावर शूर व्हावं, हे कोणत्या शिकवणुकीत बसतं? आशीर्वाद नाकारणं त्याच्या हातात होतं, ते त्याने केलं होतं. हे दुसरं त्याचं नव्हतं. तो गप्प राहिला, आणि गप्प राहणं त्याला आजवरच्या कुठल्याही प्रवचनापेक्षा जड गेलं.

उपायुक्ताने घड्याळ पाहिलं. "झालं तर मग."

"तीनदा विचारतात," आत्या म्हणाली. पण तिसऱ्यांदा विचारलं नाही. ती खड्ड्याभोवती फिरली, एकेकाच्या समोर थांबली, आणि वकिलीण व धाकटी यांच्या मधल्या मोकळ्या जागेपाशी येऊन उभी राहिली.

"इथला कुठाय?"

"आत्या," थोरला म्हणाला, "असं काय करतेस? तो आत आहे."

"मग कसं विचारू? तू हॉस्पिटलात होतास तेव्हा आपण थांबलो. फादर परदेशात शिकायला होता, त्याच्यासाठी थांबलो. एक माणूस कमी असताना आजवर या खड्ड्यात थेंब पडलेला नाही." ती उपायुक्ताकडे वळली. "आणा त्याला. विचारते. ना म्हणाला नाही, तर लगेच ओतते."

"बाई, असं कैद्याला बाहेर काढता येत नाही."

"कैदी?" वकिलीण पुढे आली. तिचा चेहरा असा उजळला, जसा चांगल्या मुद्द्यावर उजळे. "कैदी कोण? तीन महिने मी अर्ज करतेय. तुमचंच कार्यालय लिहून देतं की असा इसम आमच्या नोंदीत नाही. जो आत नाहीच, त्याला बाहेर काढायला परवानगी कोणाची?"

"साहेब," भट्टीवरून मुकादम ओरडला, "फार वेळ नाही बरं का!"

उपायुक्ताने हिशेब केला. दहा दिवस. दीड महिन्याचा साचा. कॅथीड्रलच्या मनोऱ्यात रिकामी जागा, आणि खाली उभा पालक, वर बघत. त्याने फोन काढला. तुरुंग पुलापलीकडेच होता.

*

गाडी मागच्या फाटकातून आली. हवालदाराने दार उघडलं आणि धाकटा उतरला. दाढी वाढलेली, शर्ट कोणा दुसऱ्याचा, हातांत बेड्या. धाकटीने एकदाच वरपासून खालपर्यंत पाहिलं, परिचारिका बघते तसं: वजन उतरलंय, डावा पाय जपतोय, डोळे ठीक.

तिने दोन पावलं टाकली. हवालदार आडवा आला.

"बेड्या काढा," आत्या म्हणाली.

"ते शक्य नाही."

"मग त्याचा हो मी धरणार नाही. बांधलेल्या हातांचा हो आमच्यात चालत नाही."

"आणि ना?" उपायुक्ताने विचारलं.

"ना कशीही चालते."

फादरने चमकून बहिणीकडे पाहिलं. अकरा वर्षं तो धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत नीतिशास्त्र शिकवत होता. एवढ्या थोडक्यात त्याला ते कधी सांगता आलं नव्हतं.

बेड्या निघाल्या. थोरल्याने भावाला सगळं सांगितलं: घंटा, ओळ, उपायुक्तांचा शब्द. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाला, "भट्टी मी पेटवली. ओळही मीच बसवली. तुझ्यासाठी."

"दादा, अक्षरं सरळ बसवलीस का? तुझं शुद्धलेखन..."

"मार खाशील."

"कोणाची ना?" आत्याने तिसऱ्यांदा विचारलं.

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. "तू काय म्हणालीस?"

"मी हो म्हणाले." तिने नजर खाली केली नाही. "आणि मला त्याची लाज वाटत नाही."

"वाटूही नये. तुझ्या जागी मी असतो तर मनोरासुद्धा लिहून दिला असता." तो मनगटं चोळत होता. "पण मी माझ्या जागी आहे. आत आम्ही अठ्ठावीस जण आहोत. ही वाजली की सत्तावीस जणांना कळेल, अठ्ठाविसावा कशाच्या बदल्यात गेला. दर रविवारी कळेल." त्याने आत्याकडे मान वळवली. "माझी ना."

"मुकादम," आत्या त्याच श्वासात म्हणाली, "लगडींचे साचे लावा. भट्टी रिकामी करा."

धातू बाजूच्या पन्हळीतून लगडींच्या साच्यांत वाहू लागला. खड्ड्यातला साचा कोरडाच राहिला. कोणाच्या तरी तोंडातून सुटकेचा मोठा निःश्वास निघाला. तो थोरल्याचा होता, हे पाहून वकिलीणीला बऱ्याच वर्षांनी नवऱ्याविषयी कौतुक वाटलं.

"घाला बेड्या," उपायुक्त हवालदाराला म्हणाला.

धाकट्याने हात पुढे केले.

"हवालदाराला कशाला?" फादर पुढे आला. "हुकूम तुझा आहे, हातही तुझेच लागू देत. घाल. मी बघतोय म्हणून संकोच करू नकोस. पापनिवेदनाला येशील तेव्हा पुन्हा सांगत बसावं लागणार नाही."

उपायुक्ताने बेड्या घेतल्या. त्या त्याच्या हातात तशाच राहिल्या. वरच्याच्या खात्यावर टाकायला आता मध्ये कोणी नव्हतं. "चला," तो एवढंच म्हणाला. धाकटा मोकळ्या हातांनीच गाडीकडे निघाला आणि आत बसला.

त्याच्या मागोमाग धाकटी चढली.

"बाई, उतरा!"

"मी हो म्हणाले होते, साहेब. तुमच्याच बाजूची आहे. घरी सोडलंत तर दोघांना सोडा, आत नेलंत तर दोघांना न्या."

वकिलीण चढली. "अशिलासोबत बसायचा मला हक्क आहे." थोरला चढला आणि भावाशेजारी अंग चोरून बसला. आत्याला पायरी उंच पडत होती. "कसल्या गाड्या करता रे! म्हाताऱ्या माणसांना अटक करायची झाली तर?" शेवटी हवालदारानेच तिला हात दिला. भट्टीवरचे कामगार एकेक करून फाटकाशी येऊन उभे राहिले होते, हात पुसत.

"मी पुढे बसतो," फादर म्हणाला. "वाटेत तुला उरलेला धडा सांगतो."

चालक उपायुक्ताकडे बघत होता. उपायुक्त अंगणाच्या मध्यभागी उभा होता, एका हातात बेड्या, दुसऱ्या हातात टोपी.

"साहेब," वकिलीण आतून म्हणाली, आणि यावेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता, "एक वाक्य सुचवू? नोंदीत नसलेला इसम आज तुमच्या गाडीत सापडला. तुम्ही सोडून दिला. वाक्य माझं, सही तुमची."

"आणि घंटेचं काय सांगू? साचा दमट निघाला म्हणून?"

"खोटं कशाला?" आत्या म्हणाली. "सांग, घरातल्या एकाने ना म्हटलं."

"ते त्यांना कळणार नाही, बाई."

"समजावून सांगायचं काम तुझं."

उपायुक्ताने टोपी घातली. "उतरवा सगळ्यांना," तो हवालदाराला म्हणाला. "सगळ्यांना."

उतरताना धाकटीने नवऱ्याचा दंड धरला तो सोडलाच नाही, आणि गाडीच्या मागे जाऊन ती त्याला काय काय बोलली ते कोणी ऐकलं नाही. तो मात्र दर वाक्याला मान हलवत होता.

उपायुक्त रिकाम्या गाडीत पुढे बसला. काच खाली केली.

"उद्या माझ्या जागी दुसरा कोणी येईल, फादर. त्याला तुम्ही शिकवलेलं नसेल."

"येऊ दे की," आत्या मधेच म्हणाली. "त्याला खुर्ची देऊ आणि पहिल्यापासून सुरू करू."